वळवणचे महाशीर केंद्र : घाटमाथ्यावरच्या एका माशाच्या जोपासनेचा इतिहास

खोपोलीच्या वीजगृहातून बाहेर पडून पाताळगंगेला मिळणारे पाणी मूळचे इंद्रायणीचे आहे. भिवपुरीच्या वीजगृहातून पेज नदीत आणि तिथून उल्हासात जाणारे पाणीही घाटमाथ्यावरच्या आंद्रा नदीचे. भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जायचे हे पाणी घाटावर अडवून, नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात उतरवले, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. खालापूरचे कारखाने, नवी मुंबईच्या काही भागाची तहान, कर्जतचा राजनाला आणि राजनाल्यावरचा उन्हाळी भात हे सगळे या परमुलखाच्या पाण्यावर उभे आहे. त्या पाण्याचे उपकार सांगताना आपण धरणे, नळ आणि जनित्रे यांची नावे घेतो. त्याच पाण्यात हजारो वर्षे राहत आलेल्या एका माशाचे नाव सहसा कुणी घेत नाही. तो मासा म्हणजे दख्खनचा महाशीर, मराठी मुलखातली खुद्री. त्याला माणसाच्या हाताने वाढवण्याची रीत ज्या ठिकाणी बसवली गेली, त्या वळवणच्या मत्स्यबीज केंद्राचा हा इतिहास.

वळवण लोणावळ्याजवळचे, म्हणजे पुणे जिल्ह्यातले. रायगडच्या स्मरणिकेत त्याला जागा कशी, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. वळवणच्या तलावाचे पाणी खोपोलीला उतरते. तलाव वर, वीजगृह खाली. संस्था एकच आणि पाणीही एकच. जिल्ह्याची हद्द माणसांनी आखली, ती पाण्याला ठाऊक नाही.

घाटातल्या पावसावर वीज करावी ही कल्पना मुंबईचे वास्तुविशारद डेव्हिड गोस्लिंग यांची, आणि ती उचलून धरली जमशेटजी टाटांनी. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. त्यांच्यामागे १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याला कोनशिला बसवली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह चालू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवता हे त्याचे तलाव. पुढे आंद्रा खोऱ्यातल्या ठोकळवाडी धरणावर भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये आणि मुळशी धरणावर भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली केलेला सत्याग्रह याच काळातला. या धरणांचा इतिहास सांगताना ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांचा उल्लेख टाळणे मला अन्यायाचे वाटते. वीज मुंबईला गेली, जमीन मावळाची गेली. या तिन्ही वीजगृहांच्या कंपन्या लोकांच्या तोंडी टाटा इलेक्ट्रिक म्हणूनच राहिल्या आणि २००० मध्ये त्या टाटा पॉवर या एका कंपनीत विलीन झाल्या.

धरणाने माणसांचे जसे विस्थापन होते तसे माशांचेही होते, फक्त त्याची नोंद कुठे राहत नाही. खुद्री हा वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्याचा मासा. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की तो उलट्या दिशेने वर चढतो आणि उथळ, दगडगोट्यांच्या जागी अंडी घालतो. कर्जत-खालापूरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. वलगणीचे मासे, चढणीचे मासे म्हणजे काय हे इथल्या लहान मुलालाही कळते. पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आले की कातकरी, ठाकर, आगरी, कुणबी सगळेच पाग, झोळी घेऊन बाहेर पडतात. खुद्रीची चढण याच जातीची, फक्त मासा मोठा आणि वाट लांबची. वाटेत भिंत उभी राहिली की ही चढण संपते. इंद्रायणीच्या उगमाकडच्या खुद्रीचे नशीब एवढेच, की भिंतीच्या वरच्या बाजूला जे मासे राहिले त्यांना तलावाला मिळणारे ओढे उरले होते. चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या त्या डोंगरात हे ओढे जुलै-ऑगस्टमध्ये नदीसारखेच धावतात. त्यांच्या आधाराने तलावातली खुद्री टिकली.

या माशाला शास्त्रीय नाव देणारा कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी. १८२४ ते १८३१ या काळात तो दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर होता. जमीनधारा, पिके, लोकसंख्या यांची माहिती गोळा करताना त्याने इथले पक्षी आणि मासेही नोंदवले. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या या माशाचे वर्णन त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले आणि नाव देताना कोळ्यांच्या तोंडचा शब्द तसाच ठेवला. आज जगभरच्या ग्रंथांत हा मासा ‘टोर खुद्री’ या नावाने ओळखला जातो. अंगावर मोठे खवले, ओठाशी मिशा, पाठीला हिरवट-सोनेरी झाक आणि पोहण्यात ताकद. शेवाळ, ओढ्यात पडलेली फळे, गोगलगायी, खेकडे, काय मिळेल ते तो खातो. वाढीला मात्र सावकाश. देहू आणि आळंदीच्या डोहांतले मासे वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्यांत हाच मासा होता. आपल्याच जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथे वरदायिनी देवीच्या श्रद्धेने गावाने डोहातले मासे राखले आहेत. तेही महाशीरच. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळापाशीही हीच परंपरा आहे. सरकारी अभयारण्याचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी हे डोह राखले जात होते.

देवाचे डोह सोडले तर बाकी नद्यांत मात्र हा मासा झपाट्याने कमी झाला. कारणे सगळ्यांना माहीत आहेत: धरणे, कारखान्यांचे आणि गावांचे सांडपाणी, चढणीच्या ऐन वेळी गाभोळीच्या माशांची मारझोड, आणि सर्वांत वाईट म्हणजे सुरुंग आणि विषारी भुकटी टाकून डोहच्या डोह रिकामे करणे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या अहवालात महाशीरच्या घटीची दखल घेतली. पण त्याच्या काही वर्षे आधीच वळवणला काम सुरू झाले होते.

ते सुरू करणारा माणूस म्हणजे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक म्हणून त्यांचे नाव प्रशासनाच्या इतिहासात आहेच, पण त्याआधीचे एक काम मला त्यांच्या स्वभावाची खूण म्हणून महत्त्वाचे वाटते. १९४० मध्ये, तरुण संशोधक असताना, त्यांनी मुंबई परिसरातल्या मचूळ पाण्यातला एक चिमुकला, जवळजवळ पारदर्शक मासा शोधून त्याचे वर्णन केले. नाव दिले ‘होराइक्थिस सेटनाई’. पहिल्या शब्दात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांचे नाव, दुसऱ्यात मुंबई प्रांताच्या मत्स्यखात्याची उभारणी करणारे डॉ. एस. बी. सेटना यांचे. बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नसलेल्या त्या माशाचे प्रजनन कसे होते, नर बीज मादीपर्यंत कसे पोहोचवतो, हे त्यांनी बारकाईने पाहून लिहिले. मासा बाजारात विकला जाईल की नाही याचा विचार त्या कामात नव्हता. मासा जगतो कसा, एवढीच जिज्ञासा होती. तीस वर्षांनी खुद्रीकडे वळताना हीच नजर त्यांच्याजवळ होती.

टाटांच्या तलावांवर मत्स्यपालनाचे काम १९७० च्या सुमारास आकाराला आले. देशभरच्या मत्स्यबीज केंद्रांचा जोर तेव्हा कटला, रोहू आणि मृगळ या तीन माशांवर होता, आणि त्याला सबळ कारण होते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. तोवर नदीतून गोळा करावे लागणारे बीज यापुढे तळ्याकाठी तयार होऊ लागले. एका मादीपासून लाखांनी जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिले, मिळू लागली. अशा वेळी जो मासा सावकाश वाढतो, अंडी मोजकीच देतो आणि तळ्यात बीज देईल की नाही याचीही खात्री नाही, त्याच्यामागे लागणे हा व्यवहाराचा मार्ग नव्हता. तरी तो घेतला गेला. खासगी वीज कंपनीने, जिला मासळी विकून काही मिळवायचे नव्हते, या कामाला जागा, पाणी आणि माणसे दिली, हे नोंदवले पाहिजे. कुलकर्णींच्या बरोबर एस. एन. ओगले यांनी हे काम उभे केले आणि पुढची कित्येक वर्षे सांभाळले. या विषयावरच्या लेखांत कुलकर्णी-ओगले हे जोडनाव वारंवार भेटते.

पहिले काम पाहण्याचे होते. खुद्री अंडी कधी, कुठे, कशी घालते? इंग्रज शिकाऱ्यांनी महाशीरवर पुष्कळ लिहिले होते. एच. एस. थॉमस याचे गळाच्या शिकारीवरचे गाजलेले पुस्तक १८७३ चे आहे. पण गळ टाकणाऱ्याचे लक्ष मोठ्या माशावर असते, अंड्यावर नसते. कुलकर्णींनी तलावाच्या काठी पावसाळ्यात उभे राहून माशाचे वर्तन पाहिले. जुलै ते सप्टेंबरमध्ये, तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या मुखाशी आणि खडकाळ काठाला, नव्या पाण्याच्या ओढीने मासे जमतात, हे त्यांच्या लक्षात आले. ही निरीक्षणे आणि त्यांच्यासोबत अंड्यांचे व पिलांच्या सुरुवातीच्या वाढीचे वर्णन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या ६७ व्या खंडात प्रसिद्ध झाले. दख्खनच्या महाशीरची पुढची सगळी जोपासना त्या लेखाच्या पायावर उभी आहे.

मग हाताचे काम. ओढ्याच्या मुखाशी जाळी लावून पिकलेले नर आणि माद्या पकडायच्या. इथे उतावळेपणा चालत नाही. मादीच्या पोटावर हलका हात फिरवताच अंडी आपोआप ओघळली तरच ती घ्यायची. दाबून काढलेली अंडी कच्ची असतात, ती फळत नाहीत, आणि मासाही दुखावतो. अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचे दुधासारखे बीज सोडायचे, पिसाने अलगद मिसळायचे आणि नंतरच पाणी घालायचे. याला कोरडी पद्धत म्हणतात. पाणी आधी लागले तर बीजाची ताकद काही क्षणांत संपते, म्हणून हा क्रम. हे सगळे मावळातल्या पावसात, तलावाच्या काठी, बहुतेक वेळा अंधारात किंवा पहाटे करायचे. मासा शक्य तितक्या लवकर पुन्हा पाण्यात सोडायचा. शोधनिबंधात हे दोन ओळींत येते. ते ज्या हातांनी केले त्या जाळे टाकणाऱ्या, मासा धरणाऱ्या कामगारांची नावे निबंधात येत नाहीत, म्हणून त्यांची आठवण इथे करतो.

खुद्रीची अंडी सोनेरी-पिवळसर आणि चांगली मोठी, सुमारे अडीच ते तीन मिलिमीटरची. ती पाण्यापेक्षा जड असतात, तळाशी बसतात. रोहूची अंडी पाण्यात फुगून तरंगत राहतात आणि दिवसाच्या आत फुटतात. खुद्रीच्या अंड्यांना फुटायला तीन-चार दिवस लागतात. या एका फरकामुळे रोहूसाठी तयार झालेली सगळी सामग्री इथे निरुपयोगी ठरली. तळाशी बसलेल्या अंड्याभोवतीचे पाणी हलले नाही की त्याला प्राणवायू कमी पडतो, पाण्यात गाळ असेल तर तो अंड्यावर बसतो, आणि एक अंडे मेले की त्यावर बुरशी धरते व ती शेजारच्या जिवंत अंड्यांना वेढते. म्हणून वळवणला जाळीच्या तळाचे उथळ ट्रे केले गेले, त्यांतून सतत वाहते पाणी सोडले गेले, आणि मेलेली, पांढरी पडलेली अंडी वेचून काढणे हा रोजचा नेम झाला. थोडक्यात, ओढ्यातला गोट्यांचा तळ छपराखाली आणला गेला. या रचनेत महागडे यंत्र एकही नव्हते, आणि म्हणूनच पुढे ती दुसऱ्या राज्यांतल्या साध्या सरकारी केंद्रांनाही उचलता आली.

अंडे फुटल्यावरही काम सोपे होत नाही. पिलाच्या पोटाला बलकाची मोठी पिशवी असते. तिच्या ओझ्याने ते तळाशी पडून राहते आणि उजेड टाळून कोपऱ्यात एकावर एक गर्दी करते. त्या गर्दीत तळातली पिले गुदमरतात. म्हणून अंधार, वाहते पाणी आणि सतत लक्ष. बलक संपला की पिलू पोहू लागते, तेव्हा त्याला तोंडाला मावेल असे बारीक खाद्य वेळेवर मिळाले पाहिजे. पाण्यातले सूक्ष्म प्राणी आधी, मग शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा. जिऱ्यापासून बोटुकलीपर्यंतचा, म्हणजे बोटभर पिलापर्यंतचा, हा टप्पा पार केला की खुद्री कणखर होते. त्याआधी ती फार नाजूक असते. अंडी मोजकी असल्यामुळे प्रत्येक अंड्याची किंमत होती. रोहूच्या केंद्रात निम्मे जिरे मेले तरी हंगाम वाया जात नाही. इथे तेवढी चैन परवडणारी नव्हती.

या केंद्राने जगाला दिलेली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. अंडी फुटायला तीन-चार दिवस लागतात, ही अडचण कुलकर्णी आणि ओगले यांनी सोय म्हणून वापरली. फळलेली अंडी पाण्यात न ठेवता ओल्या कापसाच्या थरांत बांधली तर ती तेवढा काळ जिवंत राहतात, हे त्यांनी दाखवले. पाण्याने भरलेल्या पिशव्या आणि प्राणवायूचे सिलिंडर यांच्याऐवजी हलका डबा पुरतो. तो विमानाने पाठवता येतो आणि पोहोचल्यावर अंडी ट्रेमध्ये मांडली की पिले बाहेर येतात. ‘अ‍ॅक्वाकल्चर’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात १९७९ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. वळवणचे बीज देशाच्या दूरच्या भागांत पोहोचले त्यात या कापसाचा मोठा वाटा आहे.

पुढचा टप्पा तळ्यातल्या माशांचा. दर पावसाळ्यात तलावातून पिकलेले मासे मिळतीलच असे नाही. जाळ्याला मासा लागला तरी तो नेमका त्या रात्री पिकलेला असायला हवा. म्हणून बोटुकल्या तळ्यात वाढवून त्यांनाच प्रजनक बनवता येईल का, हा प्रश्न घेतला गेला. चांगल्या खाद्यावर आणि स्वच्छ पाण्यावर तळ्यातली खुद्री पक्व होते, पण वाहत्या पाण्याची चाहूल नसल्याने आपणहून अंडी सोडत नाही, असे दिसले. तेव्हा चौधुरींची पीयूष ग्रंथीची रीत इथे आणून बसवली गेली. त्यावरचा लेख १९८६ चा. यामुळे केंद्र तलावातल्या माशांवर अवलंबून राहिले नाही, आणि तलावातल्या माशांवरचा भारही हलका झाला. खुद्री आणि टोर टोर या दोन जातींचा संकर करून तो तळ्यात वाढवण्याचे प्रयोगही याच काळात झाले. व्यापारी मत्स्यपालनाच्या दृष्टीने ते समजण्याजोगे होते. पण जात राखण्यासाठी जे केंद्र आहे तिथे संकराला जागा असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा मिसळलेले वाण निवडून वेगळे करता येत नाही. पुढे लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या सहकार्याने खुद्रीचे नरबीज अतिशीत तापमानात साठवून ठेवण्याचे काम झाले, ते या दृष्टीने योग्य दिशेचे होते.

इथे आपल्या भागातल्या वाचकाच्या मनात येणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर देतो. महाशीरसाठी एवढे झाले, मग आपल्या नदीतल्या मोठ्या गोड्या पाण्याच्या कोळंबीसाठी हेच का नाही? कारण तिची वाट उलटी आहे. खुद्री अंड्यांसाठी वर चढते. ‘मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी’ ही कोळंबी पोटाखाली अंडी घेऊन खाडीकडे उतरते. तिची पिले गोड्या पाण्यात काही दिवसांतच मरतात, त्यांना मचूळ पाणी लागते, ही गोष्ट १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक अन्न व कृषी संघटनेचे शाओ-वेन लिंग यांनी मलेशियात पिनांगला शोधून काढली. त्यानंतर हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी तिच्या बीजाचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन बसवले. म्हणजे कोळंबीच्या बीजाला समुद्राचे पाणी हवे आणि वाढीला गोडे. घाटमाथ्यावरच्या वळवणला हे जमणारे नव्हते. ते काम मुंबई, रत्नागिरी अशा समुद्राकाठच्या मत्स्यसंस्थांचे. पण पाताळगंगा खाली धरमतरच्या खाडीला मिळते. नदीत बंधारे घालताना आणि सांडपाणी सोडताना या उतरणाऱ्या कोळंबीचा विचार कुणी करत नाही, आणि खुद्रीच्या चढणीइतकीच तिची उतरणही नदी मोकळी असण्यावर अवलंबून आहे.

आता एका अवघड गोष्टीकडे येतो. स्मरणिकेत ती टाळली जाते, पण या केंद्राच्या इतिहासात तिला जागा नसेल तर तो इतिहास अपुरा राहील. वळवणच्या बोटुकल्या अनेक राज्यांत गेल्या, त्यात कर्नाटकही होते. कावेरी नदी महाशीरसाठी जगप्रसिद्ध. तिच्या काबिनी या उपनदीत १९४६ मध्ये गळाला लागलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा शिकाऱ्यांच्या नोंदींत अजून मानाचा आहे. तिथला महाशीर कमी होत चालला म्हणून वन्यजीवप्रेमींनी आणि मत्स्यखात्याने वळवणचे बीज नेऊन कावेरीत सोडले. मासे वाढले, गळ टाकणाऱ्यांना मिळू लागले, सगळ्यांना समाधान वाटले. पण कावेरीचा मूळचा पाठीला कुबड असलेला, केशरी परांचा महाशीर ही वेगळीच जात होती. तिच्या संख्येच्या नोंदी तपासल्या तेव्हा निळसर परांची खुद्री वाढत असताना कुबडाचा महाशीर घटत गेल्याचे दिसले. २०१५ मध्ये संशोधकांनी तो नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याचा इशारा दिला. २०१८ मध्ये त्याची ओळख ‘टोर रेमादेवी’ अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला.

बीज देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. त्या काळी महाशीरच्या जातींतले भेदही नीट उलगडलेले नव्हते. बीज मागणारेही तज्ज्ञच होते. तरीही परिणाम व्हायचा तो झाला. मला वाटते, वळवणच्या पन्नास वर्षांच्या कामातून मिळालेले हे ज्ञान ओल्या कापसाच्या युक्तीइतकेच मोलाचे आहे: मासा वाढवता येणे ही निम्मी विद्या, तो कुठे सोडू नये हे कळणे ही उरलेली निम्मी. ज्या नदीचा मासा, त्याच नदीत त्याचे बीज. इंद्रायणीच्या, आंद्रेच्या, मुळा-मुठेच्या खुद्रीचा वंश आज वळवणला सांभाळला जातो आहे, आणि त्या नद्यांच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी अजून स्वच्छ आहे, तिथे तो पुन्हा नांदता करणे हे या केंद्राचे खरे कार्य आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या खाली या नद्यांची जी दशा आहे ती पाहता हे काम नुसत्या बोटुकल्या सोडून होणार नाही.

कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा इतिहास १९१९ पासून लिहिला जातो. तिथल्या वाणांची नावे शेतकऱ्यांना पाठ आहेत, बियाणे कुठले आणि कोणत्या जमिनीला चालते हे आपण पारखून घेतो. माशाच्या बीजाबद्दल मात्र ही सवय आपल्याला अजून लागलेली नाही. वाढदिवसाला, उत्सवाला, नदी दिनाला कुठूनतरी बोटुकल्या आणून नदीत सोडण्याचे कार्यक्रम हौसेने होतात. उल्हास, पेज आणि पाताळगंगा या पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या आहेत, त्यांची मासळी त्यांची स्वतःची आहे. घाटावरची खुद्री पाण्याबरोबर वाटून घ्यायची वस्तू नाही. इथल्या नद्यांत कोणते मासे मूळचे आहेत, त्यांचे प्रजनक कुठल्या डोहात उरले आहेत, याची पाहणी आधी झाली पाहिजे, आणि मगच बीजाचा विचार. त्या पाहणीत सर्वांत मोठी माहिती ठाकर आणि कातकरी वस्त्यांवर आहे. कोणत्या ओढ्याला कोणता मासा चढतो हे त्यांना पुस्तकाशिवाय कळते.

वळवणच्या केंद्राने जे सिद्ध केले ते असे: सह्याद्रीतला एक देशी मासा, ज्याच्याबद्दल बीजकेंद्रांना आस्था नव्हती, तो माणसाच्या हाती जन्माला येऊ शकतो, तळ्यात वाढू शकतो आणि पुन्हा बीज देऊ शकतो. गेल्या पन्नासाहून अधिक वर्षांत तिथून लाखो बोटुकल्या बाहेर पडल्या. या कामाचे श्रेय कुलकर्णी आणि ओगले यांचे, त्यांना साथ देणाऱ्या कामगारांचे, आणि नफ्याचा हिशेब न मांडता ते चालू ठेवणाऱ्या संस्थेचे आहे.

आपल्याकडून काय व्हावे? कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींना आणि ग्रामसभांना माझी विनंती आहे, की आपल्या हद्दीतून जाणाऱ्या नदीचा किंवा ओढ्याचा निदान एक डोह वाळण कोंडाप्रमाणे राखीव ठेवावा. त्यात बाराही महिने जाळे, गळ काही टाकू नये. वलगणीच्या दिवसांत गाभोळीचे मासे पुढे जाऊ द्यावेत आणि नदीत विषारी भुकटी किंवा सुरुंग टाकणाऱ्याची तक्रार न घाबरता करावी. बाहेरचे कोणतेही मत्स्यबीज नदीत सोडण्याचा कार्यक्रम ठरला तर तो मत्स्यव्यवसाय खात्याला आणि जाणकारांना विचारल्याखेरीज होऊ देऊ नये. असा डोह राखायचे ठरवणाऱ्या प्रत्येक गावाने आपला ठराव या स्मरणिकेच्या संपादकांकडे पाठवावा.